पेवात सोडलेला दिवा

सुमेधाचं सगळं चांगलं होतं, पण तिचं 'हो' म्हणणं चांगुणाबाईला खपत नव्हतं.

गावातल्या बायकांना यात काही वाईट दिसायचं नाही. "चांगुणाबाई, नशीब काढलंस. एवढी शिकलेली सून, पण कधी उलटून बोलली न्हाई," असं त्या म्हणायच्या आणि चांगुणाबाई ओठ मुडपायची. उलटून बोलणारी सून तिला परवडली असती. भांडणाऱ्या बाईच्या पोटातलं तोंडावर येतं. सुमेधाचं 'हो' म्हणजे तेल लागलेली पितळी. धरायला जावं तर निसटलीच. "वरणाला लसणाची फोडणी देऊ नको, मला जळजळ होती," असं सांगावं. "हो आत्याबाई." आणि ताटात वरण यायचं ते लसणाचंच, फक्त लसूण ठेचून बेमालूम केलेला. "ओसरीवर पाणी मारू नको, पाय सरकतो." "हो आत्याबाई." आणि दुपारी ओसरी ओली. विचारलं की गोड आवाजात उत्तर तयार, "थोडंसंच मारलं, गार वाटावं म्हणून."

"हिच्या 'हो'ला बूड न्हाई," चांगुणाबाई लेकाला म्हणायची.

मिथुन हसायचा. "माय, तुझं ऐकत न्हाई म्हणून राग हाये, का तुझ्याशी भांडत न्हाई म्हणून?"

"दोन्हीचा."

हे हसण्यावारी जात होतं तोवर जात होतं. पण एप्रिलात मोसंबीनं दगा दिला आणि त्या 'हो'ची गाठ पेवाशी पडली.

बदनापूरपासून अर्ध्या तासावर त्यांचा मळा. मोसंबीची दीडशे झाडं, कडेला टोमॅटो, गवार, मेथी. त्या वर्षी मोसंबी लागली अशी की फांद्यांना टेकू द्यावे लागले. तोडली, आणि बाजारात आवक फुटून भाव पडले. व्यापारी म्हणाला, आठ-पंधरा दिवस थांबा. थांबा म्हणायला त्याचं काय जातंय? बेचाळीस डिग्रीत कडुलिंबाखाली ठेवलेली फळं तिसऱ्या दिवशी मऊ पडली, पाचव्या दिवशी त्यांच्यावर हिरवी बुरशी चढली. मिथुननं नऊ कॅरेट उकिरड्यावर ओतले. म्हशीसुद्धा हुंगून बाजूला झाल्या.

चांगुणाबाई त्या ढिगाजवळ उभी राहिली. बहात्तरच्या दुष्काळात ती सोळा वर्षांची नवी नवरी होती. खडी फोडायच्या कामावर सुकडीचं पीठ मिळायचं. सुकडीची रिकामी पिशवी झटकून जिभेवर घेतलेली तिला आठवत होती. तिच्या घरात भाकरीचा तुकडा टाकायचा रिवाज नव्हता. आणि इथं अन्नाचा डोंगर सडून राह्यला होता, तोही स्वतःच्या झाडाचा.

सुमेधा दोन दिवस बदनापूरला प्रशिक्षणाला जाऊन आली होती. तिथून शिकून तिनं आधी मागच्या दारी विटांची एक पेटी बांधली. दुहेरी भिंत, मधल्या फटीत वाळू, वाळूवर सकाळ-संध्याकाळ पाणी, वर गोणपाटाचं झाकण. वीज न्हाई, काही न्हाई. चांगुणाबाई आधी खूप हसली. "बघा गं, भाजीला समाधी बांधून राह्यली." पण चौथ्या दिवशी मेथी ताठच्या ताठ निघाली, आणि टोमॅटो आठव्या दिवशी बोटाला टणक लागले. कुणी बघत नाही असं बघून चांगुणाबाईनं एक एक टोमॅटो दाबून पाहिला होता.

"तोडलं तरी फळ जितं असतं, आत्याबाई," सुमेधा सांगायची. "ते श्वास घेतं. उन्हात जोरात घेतं, म्हणून लवकर मरतं. गारव्यात हळू घेतं."

"मेलेला माणूस श्वास घेईना, अन् हिची मोसंबी घेती! तिला नाक कुठंशी हाये गं? देठापाशी?"

"हो आत्याबाई," सुमेधा म्हणाली आणि हसली.

विटांच्या पेटीत चार पाट्या मावायच्या. राहिलेल्या झाडांची नुकतीच तोडलेली मोसंबी साठ कॅरेट होती. तेव्हा सुमेधानं विचारलं, "ते खळ्यावरचं पेव आतून गार असंल ना?"

चांगुणाबाई गहू निवडत होती. तिचा हात सुपातच थांबला.

*

पेव म्हणजे जमिनीच्या पोटातलं कोठार. तोंड एक माणूस जाईल एवढं, आत उतरलं की खोलीएवढं पोट, भिंती दगडी. ज्वारी भरायची, तोंडावर शिळा ठेवून माती लिंपायची. वर्षानुवर्षं दाणा राहायचा. हे पेव पाटलाचं होतं. ज्वारी पाटलाची, खळं पाटलाचं, आत उतरणारा मात्र आपल्यातला. बंद पेवाचं पोट माणसाला खातं, हे सगळ्यांना माहीत होतं. म्हणून तोंड उघडलं की साखळीला दिवा बांधून आत सोडायचा. दिवा जळत राहिला तर उतरायचं. विझला तर त्या दिवशी उतरायचं नाही. लिंबाचा डहाळा दोरीला बांधून वरखाली हालवायचा, आतली हवा बाहेर काढायची आणि दुसऱ्या दिवशी परत दिवा.

बहात्तर साली पाटलानं ते पेव उघडलं. दाणा विकत घ्यायला माणसं रांग लावून उभी. दिवा सोडला, तो विझला. मुकादम म्हणाला, "वाऱ्यानं गेला. उतर रे." गंगाराम नावाचा माणूस उतरला. दोन पाट्या भरून देतो म्हणाला आणि गप झाला. चांगुणाबाईचे थोरले दीर निवृत्ती काठावर होते. "थांबा, मी आणतो त्याला," म्हणून ते उतरले. खालून एकदाच आवाज आला, पाण्यात दगड पडावा तसा. मग काही नाही. तिसरा उतरायला निघाला तो अप्पाराव, चांगुणाबाईचा नवरा. लग्नाला अजून वर्ष व्हायचं होतं. तेव्हा सासू तुळजाबाई मातीत आडवी पडली आणि तिनं अप्पारावची तंगडी दोन्ही हातांनी धरली. तो लाथा मारत होता, शिव्या देत होता, रडत होता. सासूनं सोडली नाही. म्हणून चांगुणाबाईचा संसार झाला, म्हणून मिथुन झाला.

दोघांना दुसऱ्या दिवशी आकड्यानं वर काढलं. निवृत्तीभावजींचं तोंड उघडं होतं. आत हवेचा घोट घ्यायला जावं आणि घोटच नसावा, तसं उघडं. पन्नास वर्षांवर झाली, पण ते तोंड चांगुणाबाईच्या डोळ्यांसमोरून हाललं नाही.

पुढं पाटलाची पोरं शहरात गेली आणि अप्पारावनं खळ्याचा तुकडा बागेसकट विकत घेतला. खरेदीखतावर अंगठा न देता सही केली होती त्यानं. अप्पाराव गेल्यावरही चांगुणाबाईला त्या सहीचा अभिमान होता, पण पेवाच्या शिळेवर तिनं कधी पाय ठेवला नाही. गोवऱ्याही तिकडं थापल्या नाहीत.

गंगाराम आणि निवृत्तीभावजी कसे गेले, ते तिनं सुनेला सांगितलं. सुमेधा डोळे मोठे करून ऐकत होती. मग हळूच म्हणाली, "मंग राहू द्या, आत्याबाई."

आणि इथं चांगुणाबाईची चूक झाली. ती नंतर स्वतःशी कबूल करायची, दुसऱ्या कुणाशी नाही. तिनं लिंबाखालचे साठ कॅरेट पाहिले. उकिरड्यावरचा हिरवा ढीग आठवला. आणि मनात एक घमेंडीचा कोंब उगवला. ज्या पेवानं आपली माणसं पाटलाच्या ज्वारीसाठी खाल्ली, त्या पेवात आता आपलं फळ राहील. आपलं. सोन्यासारखं.

"भर," ती म्हणाली. "पण माझ्या चार गोष्टी. तोंड उघडलं की लगेच उतरायचं न्हाई. उतरायच्या आधी दर वेळी दिवा सोडायचा, दर वेळी. कंबरेला दोरी बांधल्याबिगर पाय घालायचा न्हाई. अन् एकट्यानं तर बिलकुल न्हाई. ऐकलं का?"

"हो आत्याबाई."

तोच 'हो'.

*

पहिल्या खेपेला चांगुणाबाई जातीनं हजर राहिली. चार माणसांनी शिळा सरकवली. आतून थंड, शिळा, बुजलेल्या घरासारखा वास आला. दोन दिवस तोंड उघडं ठेवलं, डहाळा हालवला. पितळेचा साखळीचा दिवा तिनं स्वतः तेल घालून पेटवला आणि आत सोडला. दिवा खाली गेला, बारीक झाला, पण जळत राहिला. सगळ्यांचे चेहरे सैल झाले. तिचा नाही झाला.

मिथुननं आत झाडलं, चुना मारला. तोंडावर तीन बल्ल्यांची घोडी उभी करून तिला कप्पी बांधली, बांबूची शिडी सोडली. एक एक कॅरेट कप्पीवरून खाली गेलं. सुमेधा आत उभी राहून थप्पी लावत होती, कंबरेला दोरी होती, आणि चांगुणाबाई वरून दर दोन मिनिटांनी हाक मारत होती.

"सुमेधा!"

"हो आत्याबाई!"

पेवातून तो आवाज मडक्यातून आल्यासारखा घुमायचा.

साठ कॅरेट मावले. उन्हाचा झोत आत जाऊ नये म्हणून तोंडावर लाकडी झाकण, गोणपाट आणि वर ओली माती लिंपली. बारा दिवसांनी गावातल्या हरिओमची पिकअप येणार होती, जालन्याचं एक मोठं गिऱ्हाईक ठरलं होतं.

ते बारा दिवस चांगुणाबाईला धड झोप लागली नाही. ती रोज सकाळी खळ्यावर जायची, मातीच्या लिंपणाकडं बघत उभी राहायची. माती वाळून तिला बारीक भेगा पडल्या होत्या. एकदा तर तिनं वाकून कान लावला. आत काय ऐकू येणार होतं? तरी तिला वाटलं, आत कुणीतरी फार हळू, फार सावकाश दम टाकून राह्यलंय. ती ताडकन उठली आणि घरी आली. कुणाला बोलली नाही. म्हातारी खुळावली म्हणतील.

तेराव्या दिवशी सकाळी मिथुन आणि सुमेधा झाकण काढायला गेले. चांगुणाबाईचे गुडघे धरले होते, ती ओसरीवर गवार मोडत बसली. तासाभरानं सुमेधा रिकामं पोतं न्यायला घरी आली. घामानं चेहरा चमकत होता.

"झाकण काढलं का?"

"हो आत्याबाई, कवाचंच. वारा लागू देला."

"दिवा सोडला का?"

"हो आत्याबाई. चांगला लख्ख लागला. तळापर्यंत सगळं दिसलं. एक फळ खराब दिसना." तिच्या आवाजात लहान पोरीसारखा आनंद होता. "पिकअप रस्त्याला लागलीय. जल्दी वर काढतो."

ती गेली. चांगुणाबाईनं गवारीची शेंग मोडली. दुसरी मोडली. तिला बरं वाटायला पाहिजे होतं. सुनेनं पहिल्यांदा सांगितलेलं केलं होतं. मग हे छातीत काय टोचून राह्यलं होतं?

लख्ख.

तेलाचा दिवा पेवात लख्ख कुठून दिसेल? तो तर काजव्याएवढा दिसतो. तळापर्यंत सगळं दिसलं म्हणे.

चांगुणाबाईनं मान वळवली. दाराशेजारी खुंटीला पितळेचा दिवा होता. साखळीसकट तिथंच लटकलेला. वात कोरडी. आणि त्याच्या पलीकडच्या खिळ्याला, जिथं सोलरचा कंदील असायचा, तिथं नुसता खिळा होता.

तिच्या हातातली शेंग पडली.

ज्या कंदिलाला हवा लागत नाही, तो पेवात कशाला विझेल? तो मढ्याच्या उशालाही लख्ख जळत राहील.

*

सत्तर वर्षांची बाई कशी धावली हे तिचं तिला नंतर सांगता आलं नाही. पायात चप्पल नव्हती. ढेकळं टोचत होती, कळत नव्हतं. मळा एवढा लांब कधीच नव्हता. तोंडातून हाक निघत नव्हती, फक्त धाप. मधे मोसंबीच्या ओळी संपता संपत नव्हत्या, आणि प्रत्येक झाडाआडून निवृत्तीभावजींचं उघडं तोंड बघत होतं.

खळ्यावर मिथुन एकटा होता. पेवाच्या काठावर उकिडवा, हातात दोरी, आत वाकून बघत होता.

"कुठाय ती?"

"उतरली. हे काय आत्ताच. माय, तू अशी अनवाणी..."

"हाक मार तिला! वर बोलव!"

मिथुनला कळलं नाही, पण आईचा चेहरा बघून तो घाबरला. "सुमेधा! वर ये!"

"हो..." खालून आवाज आला. जाड, झोपेतला. "हो आत्या..."

आणि पाण्यात दगड पडावा तसा आवाज झाला.

"सुमेधा!" चांगुणाबाई काठावर आडवी पडली. खाली सोलरचा कंदील लख्ख जळत होता. त्या उजेडात पिवळीधमक मोसंबी, थप्पीच्या थप्पी, आणि शिडीच्या पायाशी निळ्या साडीचं बोचकं. "सुमेधा, हो म्हण! एकदा हो म्हण, बाई!"

ज्या शब्दाचा तिला इतके दिवस राग, तोच ती भीक मागावी तसा मागत होती. पेवानं तिचाच आवाज तिला परत दिला. म्हण, बाई. म्हण, बाई.

"दोरी वढ!" ती ओरडली. दोरी कंबरेला होती. मायच्या धाकानं मिथुननं स्वतःच्या हातानं गाठ मारली होती. त्यानं कप्पीवरून दोरी ओढली. बोचकं हललं, दीड हात उचललं आणि अडकलं. त्यानं परत जोर केला. शिडी करकरली. सुमेधाचा खांदा शिडीच्या पावंड्याखाली अडकला होता, मान एका बाजूला लोंबत होती.

"अडकली," मिथुन म्हणाला. त्याचा आवाज फाटला. "मी उतरतो. नुसता खांदा सोडवतो, एका मिनिटात." त्यानं दोरी बल्लीला गुंडाळली आणि एक पाय शिडीवर ठेवला.

चांगुणाबाईनं दोन्ही हातांनी त्याची दुसरी तंगडी धरली.

"सोड माय!"

"उतरायचं न्हाई."

"ती मरून राह्यली! सोड!"

"दुसरा उतरला की दुसरं मढं निघतं. मी बघितलंय. उतरायचं न्हाई!"

त्यानं पाय झाडला. टाच तिच्या ओठावर बसली, तोंडात रक्ताची खारट चव आली. तिनं पकड घट्ट केली. आपण पोटच्या पोराला त्याच्या बायकोपासून ओढून राह्यलो आहोत, आणि ती वाचली नाही तर हा पोरगा जन्मभर आपलं तोंड बघणार नाही, हे तिला त्या क्षणी लख्ख दिसत होतं. तुळजाबाईलाही असंच दिसलं असेल का? एक लेक आत मरत होता आणि तिनं दुसरा धरून ठेवला होता.

मग तिची नजर शिडीवर गेली.

"शिडी काढ," ती म्हणाली.

"काय?"

"शिडी वर वढून घे. ती शिडीखाली अडकलीय. शिडी निघाली की मोकळी होईल."

"शिडी काढली तर ती वर कशी येईल, माय?"

"ती आता शिडीनं येणार न्हाई! दोरीनं येईल! काढ म्हणते ना, काढ!"

मिथुननं आईकडं एकदाच बघितलं. त्या नजरेत जे होतं ते चांगुणाबाई विसरू शकली नाही. मग त्यानं पाय मागे घेतला, वाकला आणि शिडीचे दोन्ही बांबू धरून ओढले. शिडी अर्ध्यावर रुतली. चांगुणाबाईनं एक बांबू धरला, दोघांनी हिसका दिला. शिडी सुटून वर आली. ती बाजूला पडली तेव्हा पेवाचं तोंड एकदम उघडंबोडकं दिसलं. आता आत जायला वाट नव्हती. बाहेर यायला एकच होती, बोटाएवढी जाड.

"वढ."

दोघं दोरीला लोंबकळले. कप्पी किंचाळत होती. एक हात. दोन हात. दोरी तळव्यांची साल काढत होती. कुठंतरी परत अडकेल, गाठ सुटेल, कप्पी निसटेल. चांगुणाबाई आत बघत नव्हती, बघायची हिंमत नव्हती. ती फक्त मिथुनच्या पाठीकडं बघत होती आणि ओढत होती.

आधी केस दिसले. मग चेहरा. निळसर, ओठ जांभळासारखे.

तोंड उघडं होतं.

चांगुणाबाईनं ते तोंड ओळखलं. पण हात चालूच राहिले. तिनं सुनेच्या काखेत हात घातले, मिथुननं कंबर धरली, आणि लिंबाच्या सावलीत तिला आडवी केली. छाती हलत नव्हती. मिथुन नाव घेऊन गाल थोपटत होता. चांगुणाबाईनं त्याला ढकललं. "वारा अडवू नको!" खळ्यावर पडलेलं सूप तिनं उचललं आणि दाणे वारवावेत तसं, अंगात होतं नव्हतं तेवढं बळ लावून, तिच्या तोंडावर वारा घालू लागली. "छाती दाब तिची. दाब, सोड. दाब, सोड."

सूप वरखाली होत होतं. लिंबावर एक होला घुमत होता. दूर रस्त्यावर पिकअपचा हॉर्न वाजला.

चांगुणाबाई मनात काही मागत नव्हती. ती फक्त मोजत होती. सुपाचा एक झटका, दोन, तीन. चाळीसपर्यंत मोजलं आणि पुढचा आकडा तिला येईना. परत एकपासून सुरू केलं.

बाराव्या झटक्याला सुमेधाच्या घशात काहीतरी घरघरलं.

*

हरिओमच्या पिकअपमधून मोसंबी जायची होती, सुमेधा गेली. बदनापूरच्या दवाखान्यात तिला नाकाला नळी लावून ठेवली, मग जालन्याला नेलं. तरुण डॉक्टरनं मिथुनला सांगितलं की आत फळांनी हवा संपवली होती. बंद जागेत हजारभर किलो फळ बारा दिवस श्वास घेत होतं. आणखी दोन मिनिटं गेली असती तर काही उपाय नव्हता.

चांगुणाबाई दाराशी उभी राहून ऐकत होती. नाक कुठंशी हाये गं, देठापाशी? स्वतःचंच हसणं तिच्या कानात वाजलं.

चौथ्या दिवशी सुमेधा घरी आली. तोवर चांगुणाबाईनं तीन दिवस डहाळा हालवून घेतला होता आणि पितळेचा दिवा स्वतःच्या हातानं सोडला होता. पहिल्या दिवशी तो तळाला पोचायच्या आत विझला. कुणी चिमटीत धरून दाबावा तसा. मिथुन बघत होता. त्या दिवसापासून तो आईशी परत बोलू लागला. चौथ्या सकाळी दिवा जळत राहिला, तेव्हा कॅरेट वर काढले. दोनच खराब निघाले. बाकीची मोसंबी टणक, रसरशीत, कालच तोडल्यासारखी. पिवळीजर्द फळं उन्हात चमकत होती, आणि चांगुणाबाईला त्यांच्याकडं बघवत नव्हतं.

संध्याकाळी सुमेधा ओसरीवर भिंतीला टेकून बसली होती. आवाज अजून बसलेला. चांगुणाबाई समोर येऊन बसली. तिचा ओठ अजून सुजलेला होता.

"सोलरचा का सोडला?" ती म्हणाली. रागानं नाही. खरंच कळून घ्यायचं होतं.

"तेलाच्या धुराचा वास फळाला लागतो, आत्याबाई. गिऱ्हाईक नाक लावून बघतं. अन् मला वाटलं, दिवा कशाला सोडायचा तर आत साप-विंचू दिसावा म्हणून."

"मी गंगारामचं सांगितलं होतं. निवृत्तीभावजींचं सांगितलं होतं."

"मला वाटलं, ते जुन्या ज्वारीचं असंल. सडक्या दाण्याचं. फळं ताजी होती." तिचे डोळे भरले. "फळ श्वास घेतं हे मलाच माहीत होतं ना? पेव बंद हाये हेही माहीत होतं. दोन्ही शेजारी ठेवून बघितलंच न्हाई."

"मंग मला का विचारलं न्हाई? तेलाचा वास लागतो हे तोंडावर का सांगितलं न्हाई?"

सुमेधानं मान खाली घातली. "तुम्ही रागावल्या असत्या."

"रागावलेच असते. चार शिव्या देल्या असत्या. अन् त्या शिव्यांमधी सांगितलं असतं, दिवा उजेडासाठी न्हाई, विझण्यासाठी सोडायचा. एवढं एकच सांगायचं राहिलं, कारण तू विचारलं न्हाई." पुढचं तिला जड गेलं. "अन् तू फळाच्या श्वासाचं सांगितलंस तवा मी हसले. हसले नसते तर मलाही ते पेवाशी जोडता आलं असतं. माझं मला कळलंय ते."

मिथुन दारात येऊन उभा होता. सुमेधानं डोळे पुसले.

"ते पेव मी मातीनं भरून घेणार," चांगुणाबाई म्हणाली. "त्यावर तुझी विटांची पेटी बांध, खोलीएवढी. जमिनीच्या वर. वारा खेळता. फळ फेकायचं न्हाई, पण माणूसही पुरायचा न्हाई. समजलं?"

"हो आत्या..." सुमेधाच्या तोंडून सवयीनं गेलं.

चांगुणाबाईनं तिची हनुवटी धरून तोंड वर केलं.

"हे बघ सुमेधा. तू खोटारडी न्हाईस, आळशी न्हाईस, अन् बेअक्कल तर बिलकुल न्हाईस. तू भित्री हायेस. पेवाला भ्यायचं तर तू मला भ्यालीस. आजपासून ह्या घरात मला हो म्हणायचं न्हाई. पटलं न्हाई की न्हाई म्हण. ओरडून म्हण, गल्ली गोळा कर, ताट आपट. भांडखोर सून मी खांद्यावर मिरवीन. पण तुझा हो मी खालून ऐकलाय, बाई, अन् तो मला परत ऐकायचा न्हाई."